तासाभराची गिरकी

सर,

तुमची मला भीती वाटायची, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. वाटलं होतं, माणूस गेला की निदान त्याची भीती तरी जाते. तसं होत नाही. उलट आता वेगळीच भीती वाटते आणि ती सांगायला तुमच्याखेरीज दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसलेय.

कॉलेजात शोकसभा झाली. किती वर्षं शिकवलंत, किती विद्यार्थी हाताखालून गेले, कोणत्या समित्यांवर होतात, सगळं सगळ्यांनी सांगितलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि खाली बघत राहिले. लोकांना वाटलं, रंजनाला भरून आलंय. खरं म्हणजे उभी राहिले असते तर तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं असतं. 'सर माझ्यामुळे गेले,' असं काहीतरी.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुमच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि मी तासिका तत्त्वावर नवीनच लागले होते. ओवे गावाहून शेअर रिक्षानं पनवेलला यायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मला शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचीच भीती. त्यात तुम्ही. पोरं तुम्हाला मागून 'कशावरून सर' म्हणायची. कुणी म्हटलं, सर आज पाऊस येणार, तरी तुम्ही चष्म्यावरून बघत विचारायचात, "कशावरून?" मी पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत एका मुलाला सांगितलं की हे रीडिंग चुकलंय. मागून आवाज आला, "कशावरून?" मुलाचं रीडिंग बरोबर होतं. चुकलेली मी होते. तुम्ही वर्गासमोर काही बोलला नाहीत. तास संपल्यावर एवढंच म्हणालात, "चूक झाली तर हरकत नाही. पण ती मोठ्या आवाजात करू नये."

निवृत्तीनंतर तुम्ही मला लाइन आळीतल्या तुमच्या घरी बोलावलंत. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक टेबल, दोन खुर्च्या. पडद्यावर करड्या चौकोनांची जाळी होती. मधला एक चौकोन पांढरा, त्याच्या शेजारचे दोन-तीन फिकट.

"हा तारा," तुम्ही म्हणालात.

"हा?"

"एवढाच. काय अपेक्षा होती तुझी?"

मला वाटलं होतं, अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेला फोटो म्हणजे रंगीत ढग, झगमगाट. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि समजावून सांगायला बसलात. तारा इतका लांब की कितीही मोठ्या दुर्बिणीला तो बिंदूच. पण दुर्बीण बिंदूला बिंदू ठेवत नाही. आरशावर आलेला प्रकाश थोडा पसरतोच, मधे ठिपका आणि भोवती फिकट कडी. लहरी जेवढ्या लांब तेवढा पसारा जास्त, आणि ही दुर्बीण बघायची अवरक्त प्रकाश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, लांब लहरींचा, उबेचा. तिला गार ठेवणारं हेलियम संपलं होतं तरी तिचे दोन कॅमेरे अजून चालू होते. तिनं काढलेल्या चित्रांचे आकडे काही काळानं सगळ्या जगाला फुकट मिळतात, आणि त्यातलेच तुम्ही, ब्रॉडबँड तुटत-तुटत का होईना, पनवेलमध्ये उतरवून घेत होतात.

"गंमत अशी," तुम्ही म्हणालात, "की कॅमेऱ्याचे चौकोन मोठे आहेत. तो पसरलेला ठिपका जवळजवळ एकाच चौकोनात मावतो. मग ताऱ्याचं तेज मोजायचं म्हणजे त्या चौकोनात किती प्रकाश साठला ते मोजायचं."

"आमच्या मिठागराच्या वाफ्यासारखं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"वाफा सगळीकडे सारखा खोल असतो?"

"नाही. मधे खोल, बांधाकडे उथळ."

तुम्ही ताडकन सरळ बसलात. "हेच! चौकोनही सगळीकडे सारखा नसतो. ठिपका मधोमध पडला तर जास्त मोजला जातो, कडेला पडला तर कमी. तारा तोच, तेज तेच, पण मोजमाप वेगळं. हे विसरणारा माणूस या धंद्यात फसतो."

सर, हे वाक्य तुमचं आहे. मी ते त्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं होतं.

त्यानंतर दीड वर्ष मी आठवड्यातून तीन दुपारी तुमच्याकडे यायचे. शैलाकाकू चहा आणून द्यायच्या आणि "आज काय म्हणतो तुमचा तारा?" असं विचारून उत्तराची वाट न बघता निघून जायच्या. तो तारा म्हणजे धड ताराही नव्हता. पेटता पेटता राहून गेलेला, थंड, तपकिरी बटू. डोळ्यांना दिसणारा नाही, उबेच्या प्रकाशातच काय तो दिसणार. त्याच्यावर ढग असतात, तो स्वतःभोवती फिरतो, ढगाळ बाजू समोर आली की तेज उतरतं, मोकळी बाजू आली की चढतं. किती वेळानं चढतं-उतरतं ते मोजलं की तो किती वेगानं फिरतो ते कळतं. तुमच्या आलेखावर ते तेज दर तासात एकदा वर जायचं, एकदा खाली यायचं. अगदी नेमानं.

तासाभरात एक गिरकी! इतक्या वेगानं फिरणारा बटू कुणाच्या ऐकण्यात नव्हता. तुम्ही बायपासनंतर जिना चढताना मधे थांबणारे, पण त्या दिवशी खोलीत फेऱ्या मारत होतात. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. मिठागर सरकारी भूसंपादनात गेल्यापासून बाबा ओट्यावर बसून असायचे. ते म्हणाले, "एक तासात फिरतंय? मंग त्याला चक्कर येत नाय का गो?" तुम्हाला सांगितलं तर तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. म्हणालात, "तुझे बाबा बरोबर विचारतायत. इतक्या वेगात तो फुटत कसा नाही, हाच प्रश्न आहे."

पुण्याच्या परिषदेसाठी तुम्ही गोषवारा पाठवलात. खाली दोन नावं, तुमचं आणि माझं. महिन्याभरानं स्वीकारल्याचं पत्र आलं. तुम्ही पेढे आणलेत. एक मला दिलात, एक काकूंना, आणि उरलेला पुडा माझ्या बाबांसाठी पाठवलात.

आणि मग तो मंगळवार.

मी दुसरंच काहीतरी शोधत होते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत एक परिच्छेद दिसला. दुर्बिणीतली बॅटरी फार गार पडू नये म्हणून एक छोटा हीटर ठराविक वेळानं चालू होतो, बंद होतो. त्या उबेनं दुर्बिणीचा सांगाडा इवलासा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्यामुळे ताऱ्याचा ठिपका चौकोनाच्या आतल्या आत सरकतो आणि परत येतो. किती वेळानं? तासाभरानं.

मी ते तीनदा वाचलं. तुम्ही बँकेत पेन्शनच्या कामाला गेला होतात, खोलीत मी एकटीच होते. मी आपल्याच आकड्यांमधून दर चित्रात ठिपका चौकोनात नेमका कुठे होता ते काढलं, आणि तेजाच्या खाली तो आलेख लावला. दोन्ही एकत्र वर, एकत्र खाली. तरी म्हटलं, योगायोग असेल. त्याच चित्रात कोपऱ्यात एक साधा तारा होता, ज्याच्याकडे आपण कधी बघितलंही नव्हतं. त्याचा ठिपका त्याच्या चौकोनाच्या विरुद्ध बाजूला पडत होता. मी त्याचंही तेज काढलं. आपला वर जाई तेव्हा तो खाली. आपला खाली तेव्हा तो वर. त्याच तासानं.

दोन परके तारे एकमेकांशी ठरवून असे नाचत नाहीत. हलत होती ती दुर्बीण.

मी पडदा बंद केला. इतकी घाबरले होते की बाहेर पडताना एक चप्पल माझी आणि एक काकूंची घातली. काकू फाटकापर्यंत धावत आल्या. चप्पल बदलून दिली आणि तिथेच माझा हात धरला.

"रंजना, तुला एक सांगू? ह्यांना आता कसलाही ताण देऊ नकोस. हल्ली जेवत नाहीत, मधेच छातीवर हात ठेवून बसतात. डॉक्टर म्हणतात जपा. पुण्याचं तेवढं आनंदानं होऊ दे. काही असलं तरी आत्ता काही बोलू नकोस."

त्यांना आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. मी "हो" म्हटलं.

अकरा दिवस, सर. त्या अकरा दिवसांत मी चार वेळा तुमच्याकडे आले. तुम्ही आखीव कागदावर भाषण लिहिलं होतंत आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायचात. दर वेळी एक शब्द बदलायचात. मी ऐकायचे आणि तुमच्या ओठांचा रंग बघायचे. निळसर वाटतायत का? जिभेखालच्या गोळ्यांची डबी काकू फ्रिजवर ठेवायच्या. ती जागेवर आहे ना, ते मी आल्या-आल्या बघून घ्यायचे. सांगितलं तर हा माणूस माझ्यासमोर कोसळेल. नाही सांगितलं तर पुण्याच्या सभागृहात कुणीतरी उठून सांगेल आणि हा माणूस सगळ्यांसमोर कोसळेल. मी यातलं कुठलं निवडायचं? कॉलेजात मी फळ्यावर लिहिता-लिहिता थांबायचे. घरी आई म्हणायची, "झालंय काय तुला, ताटात बगतेस नि जेवत नायस."

अकराव्या दिवशी तुम्ही वाचत होतात, "हा बटू तासाभरात एक गिरकी घेतो..."

"सर, शेजारचा तारा."

"काय शेजारचा?"

"तोही घेतो."

तुम्ही कागद खाली केलात.

"उलटी घेतो," मी म्हटलं.

"दाखव."

मी दाखवलं. तिन्ही आलेख एकाखाली एक. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. माझं अर्धं लक्ष पडद्याकडे आणि अर्धं तुमच्या श्वासाकडे. शर्टाचा खिसा वर-खाली होतोय की नाही ते मी बघत होते. उठून डबी आणायची तर किती पावलं, तेही मोजून झालं होतं.

"कधीपासून माहितेय?"

"अकरा दिवस."

"अकरा दिवस मी इथे बसून हे वाचतोय आणि तू ऐकतेयस?"

"सर, तुमची तब्येत..."

"माझ्या छातीची काळजी डॉक्टर करतो!" पहिल्यांदाच तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात. "तुझं काम आकड्यांची काळजी करायचं. तेवढं एकच काम होतं तुझं."

काकूंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. त्या ऐकत होत्या.

मला वाटलं, तुम्ही पुण्याला कळवून नाव काढून घ्याल. तुम्ही तसं केलं नाहीत. चार दिवसांनी फोन आला. "जायचं. जे झालं ते सांगायचं. आणि ते तू सांगायचंस."

"मी?"

"शोधलंस तू. मी कशाला सांगू?"

कळंबोलीच्या नाक्यावरून आपण पुण्याची बस पकडली. द्रुतगती मार्गावर मी दोनदा पिशवीत उलटी केली. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. लोखंडाचे लांबलचक ट्रेलर मागे पडत होते. माझं इंग्रजी, माझे उच्चार, पायात आईनं घेऊन दिलेले नवे सँडल, सगळ्याची भीती. सभागृहात फार तर वीस माणसं होती. मला वाटलं, दोनशे आहेत. मी कागदावरून मान वर न करता वाचलं. आम्हाला अमुक दिसलं. आम्ही त्याचा अर्थ असा लावला. तो अर्थ चुकला, तो असा. तीन आलेख दाखवले. संपलं.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. "पण हे इतकं साधं आहे. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. आधी कसं दिसलं नाही तुम्हाला?"

मी हातातला कागद उलटून बघितला. मागच्या रांगेतून तुम्ही उठलात. हळूहळू, खुर्चीच्या पाठीला धरून.

"मला दिसायला नको होतं म्हणून," तुम्ही म्हणालात. आणि बसलात.

लोक हसले. मोठेपणानं घेतलेला कमीपणा असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. त्या क्षणी तुमचे पाय धरावेत असं वाटलं होतं. मी काय केलं? परतीच्या बसमध्ये तुम्हाला पाण्याची बाटली उघडून दिली. तुम्ही "थँक्यू" म्हणालात. एवढंच.

त्यानंतर माझं येणं सुरू राहिलं, पण काहीतरी फाटलं होतं. तुम्ही पूर्वीसारखे रागवायचा नाहीत, त्याचीच मला धास्ती. दुर्बिणीचं हलणं आकड्यांतून काढून टाकायला आपण बसलो तर नवाच वाद निघाला. तुम्ही म्हणायचात, "हलणं तासाभराचं, आणि समज बटूही खरोखर तासाभरानंच फिरत असेल तर? हलणं पुसताना आपण त्यालाही पुसतोय." मी म्हणायचे, मग शेजारचा तारा पुसून बघू, तिथे काही उरत नाही तसं इथेही उरत नाही. तुम्ही म्हणायचात, "इथे उरतंय. थोडं. बघ नीट." मला उरलेलं दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत होतं. अजूनही मला ठाऊक नाही की आपल्यापैकी कोण बरोबर होतं.

शेवटच्या गुरुवारी तुम्ही पुन्हा तेच काढलंत. मी पेपर तपासून थकून आले होते. मी म्हटलं, "सर, आता सोडा ना त्याला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात.

रविवारी सकाळी तुम्ही भाजी घेऊन आलात, पिशवी ओट्यावर ठेवलीत, काकूंना म्हणालात, "मेथी बरी मिळाली," आणि तिथेच खाली बसलात. काकूंना वाटलं, पिशवीतलं काहीतरी सांडलं म्हणून वाकलात.

मी पोचले तोवर आळीतले लोक जमले होते. मी दारातच थांबले. आत जायचं धैर्य होईना. मनात एकच चाललं होतं, आता काकू माझ्याकडे बोट दाखवतील. सांगू नकोस म्हटलं होतं ना तुला? डॉक्टर कुणालातरी सांगत होते की नस आधीपासूनच बंद होत आली होती, हे व्हायचंच होतं. ते माझ्या कानांवर पडलं, पण आत उतरलं नाही. अजूनही पहाटे जाग येते आणि 'सोडा ना' हे दोन शब्द आधी आठवतात.

गेल्या शनिवारी काकूंनी बोलावलं. "तो कॉम्प्युटर तेवढा बघ गं. तेव्हापासून चालूच आहे, मला बंद करता येत नाही." दुपारची वेळ होती. मी तुमच्या खुर्चीत बसले नाही, माझ्याच बसले. आपलं काम कुठे हरवू नये म्हणून सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेत होते. तेव्हा एक फाइल दिसली. तुम्ही फाइलींना नेहमी तारखा आणि क्रमांक द्यायचात. हिचं नाव नुसतं 'नको' असं होतं.

उघडली. दोन आलेख. एक आपल्या बटूचा, एक कोपऱ्यातल्या ताऱ्याचा. हा वर तेव्हा तो खाली.

मला वाटलं, माझेच आलेख तुम्ही उतरवून ठेवले असणार. मग तारीख बघितली. माझ्या त्या मंगळवारच्या तीन आठवडे आधीची होती. गोषवारा पाठवल्यानंतरची, आणि पेढ्यांच्या आधीची.

सर, मी खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभी राहिले. त्या पडद्याची भीती वाटली. दीड वर्ष ज्या माणसाशेजारी बसत होते, तो माणूस कोण होता? पेढा हातावर ठेवताना तुम्हाला माहीत होतं. ते भाषण वाचताना, शब्द बदलताना, दर वेळी माहीत होतं. मला अकरा दिवसांवरून बोललात, आणि तुमचे दिवस? आणि सगळ्यांत भयंकर प्रश्न असा, की मी गप्प राहिले असते तर तुम्ही पुण्याला जाऊन ते वाचलं असतंत का? की वाट बघत होतात, मी कधी सांगतेय याची? शेजारी बसवून, मोठ्यानं वाचून, माझ्या तोंडून ते बाहेर काढायला बघत होतात? यातलं कुठलंही खरं असू शकतं. 'कशावरून' असं तुम्ही विचाराल, तर माझ्याकडे काहीही नाही.

काकू चहा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कशाला लपवायचं आता? त्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि तुमच्या खुर्चीत बसल्या.

"पेढे आणले त्या दिवशी हे जेवले नव्हते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आनंदानं. मग रोजच तसं व्हायला लागलं. छातीवर हात ठेवून बसायचे. मला वाटलं, छातीचंच काहीतरी आहे आणि माझ्यापासून लपवतायत. म्हणून तर तुला अडवलं मी." त्यांनी पदरानं टेबलाची कड पुसली. "हे घाबरट होते गं. बाहेर कुणाला पटायचं नाही. लग्नाआधी तीन वर्षं आमच्या घरी पुस्तकं बदलायला यायचे, विचारायची हिंमत नाही. शेवटी मीच विचारलं."

"काकू, मी सांगितलं म्हणून तर नाही ना..."

"तू सांगितलंस त्या दिवशी तुझ्यावर ओरडले, तू रडत गेलीस. त्यानंतर दोन पोळ्या मागून घेतल्या. महिन्याभरात पहिल्यांदा."

मी विचारलं, मी सांगितलं नसतं तर त्यांनी काय केलं असतं?

"ते मला विचारू नकोस," काकू म्हणाल्या. कप उचलून आत गेल्या. चहा अजून भरलेला होता.

दोन पोळ्या. सर, त्या दोन पोळ्यांवर मी हा आठवडा काढलाय. तुमचा राग यायला लागला की त्या आठवतात. किती एकटे बसला होतात तुम्ही त्या फाइलीबरोबर. मला शिकवलेली गोष्ट तुमच्यावरच उलटली होती आणि ती ज्या पोरीला सांगायची तिच्यासमोर तुम्हाला लहान व्हायचं नव्हतं. मला म्हटलं असतंत तर? मी घाबरले असते, पण आपण दोघं घाबरलो असतो. तेवढं तरी सोबतीनं झालं असतं. तुम्ही मला आकड्यांची काळजी करायला शिकवलंत, बिंदूएवढ्या प्रकाशाशी प्रामाणिक राहायला शिकवलंत, आणि ते तुम्हाला स्वतःला जमलं नाही त्या महिन्यातही मला मात्र जमावं अशी खुर्ची शेजारी ठेवलीत. हे उपकार म्हणायचे की फसवणूक, ते मला ठरवता येत नाही. बहुतेक कधीच येणार नाही.

परिषदेचा वृत्तान्त छापायचाय, त्यासाठी आपल्याकडून दोन पानी टिपण मागवलंय. आज ते पुरं केलं. दुर्बीण कशी हलते, ठिपका चौकोनात कसा सरकतो, तेज खोटंच कसं चढतं-उतरतं, सगळं लिहिलं. तुम्हाला जे थोडं उरलेलं दिसत होतं तेही लिहिलं, मला ते दिसत नाही असंही लिहिलं. तुमच्या नावापुढे 'दिवंगत' लिहिताना हात अडला. मग एका वाक्यापाशी बराच वेळ थांबले. चूक कुणी शोधली, ते सांगायला हवं होतं. माझं एकटीचं नाव घालणं खोटं झालं असतं. तुमचं घालायचं तर ती फाइल, तिची तारीख, तिचं ते 'नको' हे नाव जगासमोर मांडायचं. एकाच टेबलाशी बसून दोन माणसं एकाच चुकीला एकमेकांपासून लपून घाबरत होती, हे शास्त्राच्या भाषेत कसं लिहितात ते तुम्ही मला शिकवलं नव्हतं.

मी लिहिलं, 'हा दोष दोन्ही लेखकांना स्वतंत्रपणे आढळला.'

पाठवून दिलंय. खोटं नाही ना ते, सर?